न ओतलेलं तेल

१

निळी गाडी चढावर मेली तेव्हा तिच्या स्टिअरिंगवर माझे दाजी होते. शेजारी शोरूमचा सेल्समन होता. मागे कुणी नव्हतं, कारण त्या गाडीला मागची सीटच नाही. आधी नुसती खरखर झाली, मग बॉनेटखाली हातोडी मारल्यासारखे दोन-चार ठोके पडले, आणि इंजिन जे गप्प झालं ते कायमचं. दाजींनी गाडी रस्त्याच्या कडेला टेकवली, हँडब्रेक ओढला आणि सेल्समनला विचारलं, "माझं काही चुकलं का हो?"

या एका प्रश्नाने सगळा घोळ केला. सेल्समनने तो मालकाच्या कानावर घातला, मालकाने तो उचलून धरला, आणि संध्याकाळपर्यंत ठरूनही गेलं की दाजींचंच चुकलं. चाचणीसाठी दिलेली कोरी गाडी म्हाताऱ्याने चुकीचा गिअर टाकून मारली, असं शोरूमभर झालं.

मी विमा कंपनीसाठी मोडलेल्या वस्तू बघते. फुटलेले गिझर, जळालेले फ्रिज, 'आपोआप' खाली पडलेले टीव्ही. कशी मोडलीस ते आधी वस्तूला विचारायचं आणि माणसाला नंतर, हा माझा धंदा. गाड्या माझ्या खात्यात येत नाहीत. पण नसत्या चौकशा करणं ही माझी खोड आहे, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे ताई मला लहानपणापासून ऐकवत आली आहे. त्या गुरुवारी मात्र तिनेच फोन करून मला बोलावलं.

दाजींची साठी उलटून गेली आहे. औषधं पोचवण्याचा त्यांचा व्यवसाय होता आणि त्यातली पहिली कित्येक वर्षं व्हॅन त्यांनी स्वतः चालवली. धंदा विकला तेव्हा म्हणाले, आता एक गोष्ट फक्त माझ्यासाठी. ती गोष्ट म्हणजे स्पोर्ट्स कार. आणि तीही साधी नाही, अगदी नव्या बनावटीच्या इंजिनाची. पूर्वी ज्या कामाला आठ सिलिंडर लागायचे ते म्हणे हे तीनच सिलिंडरांत करतं. "मूर्ती लहान पण कीर्ती महान," असं दाजी येता-जाता म्हणत. माझा भाचा डोळे तपासून चष्मे देतो आणि जगाकडे नेहमी भिंगातूनच बघतो. त्याने इंटरनेटवरचं नाही नाही ते वाचून काढलं होतं. "बाबा, नव्या डिझाइनची गाडी पहिल्या वर्षी घेणारा म्हणजे कंपनीचा उंदीर. तुमच्यावर प्रयोग करून दुसऱ्या वर्षीच्या गिऱ्हाइकाला चांगली देतील."

हा वाद महिनाभर मजेत चालला होता. चढावर निळी मेली आणि वादच संपला. दाजींनी स्पोर्ट्स कारचं नाव टाकलं, ते एक राहू दे. पण त्यांनी घरची गाडीही चालवायचं सोडलं. भाच्याने लगेच घरच्या गाडीला गिऱ्हाईक शोधलं. तो माणूस रविवारी गाडी न्यायला येणार होता.

ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"हे बघ, इंजिनाची चूक असेल तर चौकात उभी राहून ओरड. पण त्यांची चूक निघाली तर त्यांना सांगू नकोस. मलाही सांगू नकोस. रविवारी गाडी जाईल, आणि हा माणूस त्या खुर्चीतून परत उठायचा नाही. मला कळतं ते."

ताई सहसा रडत नाही. त्या दिवशीही रडली नाही, पण गॅसवर काही नसताना तिने तो दोनदा पेटवून बंद केला.

२

दाजी गॅलरीत बसले होते. खाली त्यांची गाडी धुळीने माखून उभी होती. एरवी त्या गाडीवर माशी बसली तरी ते खाली उतरून पुसत.

"दाजी, तुमचं काय चुकलं ते मला सांगू नका. गाडी कशी गेली तेवढं सांगा."

त्यांनी डोळे मिटले. गाडीचं विचारल्यावर चेहऱ्यावर थोडी जान आली. "आवाज झकास. सपाटीला लोण्यासारखी. चढाला लागलो तेव्हा मला पेट्रोलचा वास आला. मी तसं म्हटलंही. सेल्समन म्हणाला, स्पोर्ट्स कारला यायचाच. मग मी स्टिअरिंगमागची पट्टी ओढली, गिअर एक खाली. तिने तो छान घेतला, जोर धरला, आणि खरखर सुरू झाली."

"जोरात होतात?"

"औषधांच्या बाटल्या असत्या तर एकही हिंदकळली नसती." मग चेहरा पुन्हा विझला. "पण मालक खोटं कशाला बोलतील? हात जुने झाले ना मेहुणीबाई, की ते हातांना स्वतःला कळत नाही. दुसऱ्यालाच आधी कळतं."

मला मालकाचा राग आला, आणि मी त्याला अजून पाहिलंही नव्हतं.

पाहिलं ते त्याच दुपारी. शोरूमच्या मधोमध त्याची काचेची केबिन, आणि केबिनच्या मधोमध तो स्वतः, इस्त्री केलेला. मी विम्यातली आहे म्हटल्यावर त्याने खुर्ची पुढे केली. दाजींची मेहुणी आहे म्हटल्यावर ती थोडी मागे घेतली.

"वयाचा मान ठेवून सांगतो बाई, चौथा टाकायचा तिथे त्यांनी दुसरा टाकला असणार. इंजिन किंचाळतं आणि जातं. अनुभवाचं बोलतोय."

"तुम्ही गाडीत होतात?"

"अनुभव बाहेर बसूनही असतो."

"आणि इंजिनाचंच डिझाइन कच्चं असेल तर? अगदी नवीन आहे म्हणे."

तो उत्तर देणार तोच काचेपलीकडे डरकाळी फुटली. टेबलावरचा पेन थरथरला. दारापाशी उभ्या पांढऱ्या गाडीत सेल्समन बसला होता आणि एक जोडपं कौतुकाने बघत होतं. डरकाळी एकदा, दोनदा, आणि शांत. जोडप्यातल्या बाईने चक्क टाळ्या वाजवल्या.

"हे असं इंजिन कच्चं असतं का?" मालक समाधानाने म्हणाला. "लोक या आवाजासाठी येतात. वर्कशॉपमध्ये जा, वस्तादला विचारा. लपवण्यासारखं आमच्याकडे काही नाही."

वर्कशॉपमध्ये गेले, आणि पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की एक गोष्ट कुणालाच समजलेली नाही.

३

वस्ताद ही बाई निघाली. वर्कशॉपची प्रमुख, कोपरापर्यंत हातमोजे, आणि बोलणं पान्यासारखं, गरज असेल तेवढंच फिरणारं. निळीचं पोट उघडून तिने भाग ओळीने कापडावर मांडले होते.

"हे बेअरिंग," तिने एक चकचकीत, ओरखडलेली वाटी दाखवली. "फिरणारा दांडा यात बसतो. दोघांच्या मध्ये तेलाची साय असते. ती फाटली की लोखंडाला लोखंड लागतं. लागलं."

"म्हणजे तेल कमी होतं?"

"मलाही तेच वाटलं. पण नाही." तिने तेल मोजायची पट्टी माझ्या हातात दिली. "भाग खोलायच्या आधी घेतलेलं माप. वरची खूण इथे. तेल इथे."

तेल खुणेच्या वर होतं. चांगलं बोटभर वर.

"कुणी ओतलं?"

"कुणीच नाही. तेलाचे डबे माझ्या कुलपात असतात आणि डब्यांचा हिशेब बरोबर आहे. गाडी कारखान्यातून आली तेव्हा तेल खुणेवर होतं, ते मी स्वतः पाहिलंय. त्यानंतर थेंब घातलेला नाही." तिने पट्टी परत घेतली. "मालक म्हणतो, तेल भरपूर होतं म्हणजे चालवणाऱ्याचीच चूक. बाहेरून ते बरोबर वाटतं. मला पटत नाही. पण का पटत नाही तेही सांगता येत नाही."

मी विचारलं की मधल्या काळात झाकण उघडून कधी बघितलं का. तिने नजर चुकवली नाही. "नाही. सर्व्हिस किलोमीटरवर ठरते. ही गाडी किलोमीटर करतच नव्हती, शोरूममध्येच उभी असायची. गाडीच्या पडद्यावर 'ठीक' दिसायचं. मी त्यावर विसंबले."

मी निळीभोवती फेरी मारली. टायरवर नव्या रबराचे ते बारीक केस अजून तसेच होते, म्हणजे गाडी खरोखरच फारशी पळली नव्हती. धूर सोडणाऱ्या नळीच्या तोंडात बोट फिरवलं तर ते काजळीने काळं झालं. आणि बॅटरीवर कोरं लेबल होतं.

"इतक्या नव्या गाडीला नवी बॅटरी?"

"ही दुसरी. पहिली सारखी बसायची. मला वाटलं, बॅटरीच खराब आली असेल."

"इंजिन तेवढं चांगलं आलं होतं का?"

तिने मला अंगणात नेलं. तिथे तीच गाडी, तेच इंजिन, फक्त पिवळ्या रंगात उभी होती. पुढच्या बाजूला खड्यांचे टवके, दारावर लांब ओरखडा, चाकांवर चिखल. "ही कंपनीच्या ड्रायव्हरांना शिकवायला. रोज डोंगरापलीकडे जाऊन येते. निळीच्याच बरोबर आली. पोरं हिला जनावरासारखी पिटाळतात, पण हिने एकदाही तक्रार केलेली नाही."

म्हणजे जिला झोडपलं ती ठणठणीत, आणि जिला काचेत ठेवून फडक्याने पुसलं ती गेली. शितावरून भाताची परीक्षा करायची तर कुठलं शीत उचलायचं? काळं झालेलं बोट पुसत मी शोरूममध्ये परतले, कारण निळीबरोबर शेवटपर्यंत असलेला माणूस तिथे होता.

४

सेल्समन गोड होता. इतका, की त्याच्याशी बोलल्यावर हात धुवावेसे वाटत. माझ्या घड्याळाचं कौतुक केलं, आवाजाचं केलं, आणि मी विचारलं नव्हतं तरी पांढऱ्या गाडीचे गुण सांगू लागला.

"आणि गिअर, मॅडम! चुकायला वावच नाही. वेगाला न झेपणारा गिअर मागितलात तर ही गाडी तो घेतच नाही. नुसतं 'टिंग' वाजवून नकार देते. लहान मुलाच्या हातात दिली तरी इंजिनाला धोका नाही."

"निळीही अशीच होती?"

"हो तर! सगळ्याच." आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. त्याने टाय सैल केला.

मालकाची सगळी फिर्याद त्या एका 'टिंग'मध्ये गेली होती. पण मी तसं दाखवलं नाही. दाजींनी इंजिन मारलं नाही एवढं कळून माझं भागणार नव्हतं. ते कशाने मेलं हे सांगता आलं नाही, तर रविवारी सगळे म्हणाले असते की मेहुणीने दाजींची बाजू घेतली.

निळी जिथे उभी असायची ती जागा मी बघितली. मागे कुंडीत एक पाम होता. गाडीच्या बाजूची त्याची पानं करपून काळपट झाली होती, दुसऱ्या बाजूची मात्र हिरवीगार.

"याला काय झालं?"

"या कोपऱ्यात काही जगत नाही, मॅडम. हा तिसरा." तो जवळ सरकला, आवाज खाली आणला. "मी बोलणार नव्हतो. पण गाडी मेली त्याच्या आदल्या संध्याकाळी एक जण निळीपाशी बराच वेळ होता. बॉनेट उघडायला लावलं. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलो तेव्हा तो तिथे एकटाच होता. ही गाडी तुमच्या दाजींनी घेऊ नये असं त्याला फार वाटत होतं, ते तो बोललाही."

"कोण होता?"

"तुमच्या घरचाच. चष्मेवाला."

५

भाच्याच्या दुकानात चहूकडे नुसत्या फ्रेम. शंभर जण डोळे न मिचकावता बघतायत असं वाटतं. तो एका आजोबांना अक्षरं वाचायला लावत होता. ते जाईपर्यंत मी थांबले, आणि तोपर्यंत माझ्या डोक्यात नको ते विचार येऊन गेले. उघडं बॉनेट, एकटा माणूस, आणि न ओतलेलं तेल वाढलेलं. याला मी अंगाखांद्यावर खेळवलंय.

"तू शोरूममध्ये गेला होतास ते घरी बोलला नाहीस," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "मावशी, मी इंजिनात काही घातलं असं म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. तू बोल."

"बाबांना गाडी देऊ नका, असं सांगायला गेलो होतो. लाज वाटली म्हणून घरी सांगितलं नाही. बॉनेट उघडायला लावलं ते फोटो काढायला. म्हटलं, इवलंसं इंजिन बाबांना दाखवीन, मग तरी पटेल. मी कशाला हात लावलेला नाही. घरात स्क्रू पिळायला तूच येतेस, तुला माहीत आहे."

हे खरं होतं. याच्या हातून बल्बही सरळ बसत नाही.

"मग काय झालं?"

"तो सेल्समन आला, म्हणाला, बघताय काय, आधी ऐका! बॉनेट लावलं आणि बटण दाबलं." भाचा चक्क हसला. "मावशी, खोटं कशाला बोलू, माझ्यासुद्धा अंगावर काटा आला."

"किती वेळ चालू ठेवलं?"

"ऐकण्यापुरतं. दोनदा डरकाळी फोडली आणि बंद. मग एक कुटुंब आलं, त्यांना ऐकवलं. बंद. मग कुणी मुलं काचेला नाक लावून उभी होती, त्यांच्यासाठी एकदा. मी होतो तेवढ्या वेळात चार-पाच वेळा झालं असेल. तिथे हे चालूच असतं. दारावर पाटीच आहे, 'आत या, आवाज ऐका'."

मी उठून उभी राहिले. त्याच्या सगळ्या फ्रेम एकदम माझ्याकडे बघू लागल्यासारखं झालं.

"मावशी? मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही रे राजा. शनिवारी सकाळी तुझ्या बाबांना शोरूममध्ये घेऊन ये. नाही म्हणाले तर उचलून आण."

६

शनिवारी सकाळी सगळे वर्कशॉपच्या अंगणात जमले. मालक घड्याळ बघत होता, सेल्समन त्याच्या मागे उभा होता आणि वस्तादने हातमोजे काढून खिशात कोंबले होते. दाजी भाच्याच्या मागे, शाळेत बोलावून घेतलेल्या मुलासारखे. ताईने पर्स दोन्ही हातांनी धरली होती.

मी वस्तादला दोन थेंब मागितले, एक निळीच्या इंजिनातला, एक पिवळीच्या. एक काच तिरकी धरून वरच्या कडेला दोन्ही थेंब तिने एकाच वेळी सोडले.

पिवळीचा थेंब मधासारखा रेंगाळत निघाला. निळीचा सरळ पाण्यासारखा खाली धावला आणि काचेवरून टपकन जमिनीवर पडला.

"वास घ्या," मी मालकाला म्हटलं.

त्याने घेतला. "पेट्रोल."

"दुधवाल्याचं दूध अचानक वाढलं तर आपण खूश होत नाही, पाणी कुठून आलं ते विचारतो. निळीचं तेल वाढलं तेव्हा सगळे म्हणाले, तेल तर भरपूर आहे. तेल तेवढंच होतं. त्यात पेट्रोल मिसळलं होतं. त्या पातळ तेलाची साय चढावर जोर लागताच फाटली."

"म्हणजे कुणीतरी पेट्रोल ओतलं!" सेल्समन भाच्याकडे बघत म्हणाला.

"ओतलं नाही. इंजिनाने स्वतःच पाझरवलं, आणि ते तुमच्या सांगण्यावरून. थंड इंजिन सुरू करताना ते जास्तीचं पेट्रोल फवारतं. सगळं जळत नाही, थोडं सिलिंडरच्या कडेने खाली तेलात उतरतं. मग गाडी चालते, तापते, आणि उतरलेलं पेट्रोल वाफ होऊन निघून जातं. बरोबर ना वस्ताद?"

"बरोबर," वस्ताद म्हणाली. तिच्या लक्षात आलं होतं. ती पिवळीकडे बघत होती.

"निळी कधी तापलीच नाही. तिला फक्त सुरू केलं आणि बंद केलं. दिवसभर, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी, ऐकण्यापुरतं. म्हणून बॅटऱ्या बसल्या. सुरू करण्यात जी वीज गेली ती भरून काढायला गाडी चाललीच नाही. म्हणून नळीत काजळी. म्हणून त्या कोपऱ्यात तीन पाम मेले. टायरवरचे केस झिजले नाहीत, किलोमीटर वाढले नाहीत, सर्व्हिस आली नाही, झाकण उघडलं नाही. गाडी किती पळली ते तुम्ही मोजत होतात. किती वेळा ओरडली ते कुणीच मोजलं नाही."



"आवाज ऐकवायचा हा नियम कुणाचा?" मी विचारलं.

सेल्समन जमिनीकडे बघू लागला. उत्तर मालकानेच दिलं, आणि त्याबद्दल मी त्याला मानते. "माझा. ऐकवल्याशिवाय गिऱ्हाईक सोडायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलंय." त्याचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला होता. "पण मग तो गिअर..."

"चुकीचा गिअर तुमची गाडी घेतच नाही. तुमच्याच माणसाने सांगितलं. ती आधीच गेल्यात जमा होती. त्या दिवशी तुम्ही स्वतः चढावर नेली असती तरी मेली असती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, आणि तुम्ही कावळ्यावर आळ घेतलात." मग मला राहवलं नाही. "आणि माफ करा दाजी, तुम्हाला कावळा म्हटलं."

कुणीतरी हसेल असं वाटलं होतं. दाजींनी भिंतीला हात टेकला. ताई त्यांच्याजवळ गेली.

मालक पुढे आला. "साहेब, मी चारचौघांत तुम्हाला दोष दिला, तर चारचौघांतच माफी मागतो. चूक तुमची नव्हती. माझी होती."

दाजींनी मान हलवली. मग वस्तादकडे वळून पहिला प्रश्न विचारला. त्या प्रश्नावरून मला कळलं की माझे दाजी परत आले. "मग हे नवं इंजिन भरवशाचं आहे की नाही?"

वस्तादने काच खाली ठेवली. "खोटं सांगत नाही. जुनं मोठं इंजिन असतं तर त्याने हा छळ आणखी बरेच दिवस सोसला असता. हे लहान आहे, प्रत्येक भागावर भार जास्त, सोसण्याची ताकद कमी. कोपऱ्यावर भाजी आणायला न्याल आणि परत उभं कराल, तर तुमच्याही हातात हेच होईल. पण लांब नेलंत, तापू दिलंत, तर दगा द्यायचं नाही."

"भाजीवाला आमच्या दारात येतो," दाजी म्हणाले.

७

मालकाने नवी कोरी गाडी देऊ केली. हव्या त्या रंगाची, हव्या त्या दिवशी. दाजींनी ऐकून घेतलं आणि पिवळीपाशी गेले. टवके पाहिले, ओरखड्यावरून अंगठा फिरवला, वाकून चाकांच्या आत डोकावले.

"ही विकाल का?"

"ही? साहेब, हिला पार पिदडलीय."

"म्हणूनच. हिच्याबद्दल अंदाज बांधायला नको. काय होऊ शकतं ते हिच्या बाबतीत होऊन गेलंय, आणि तरी उभी आहे."

वस्ताद पहिल्यांदाच हसली आणि किल्ली आणायला गेली.

भाचा पुढे आला. "बाबा, पण... चालवायला तुम्ही?"

ताईने तोंड उघडलं होतं, पण दाजींनी तिला हाताने थांबवलं. "ऐक. मी आठवडाभर गॅलरीत बसलो. मला वाटलं तू म्हणतोस तेच बरोबर, आता जपून एका जागी बसावं. मग आज इथे बघितलं की जपून एका जागी ठेवलेलीचं काय होतं. माझे डोळे तू तपास, दर महिन्याला तपास. ज्या दिवशी तुझ्या त्या तक्त्यावरची ओळ मला दिसणार नाही, त्या दिवशी किल्ली मी होऊन देईन. पण तोवर मला बसवू नकोस रे."

ते चिडून बोलले नाहीत. भाच्याला ते जास्तच लागलं असावं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दोनच सीट आहेत," दाजी म्हणाले. "येतोस?"

पिवळी फाटकातून बाहेर पडली, चढाच्या दिशेने. आम्ही तिघी, ताई, वस्ताद आणि मी, अंगणातल्या उलट्या डब्यांवर बसून राहिलो. वस्तादने चहा मागवला. ताईने तो हातात धरून गार केला. रस्त्यावर प्रत्येक गाडीच्या आवाजाला ती मान वळवायची आणि नंतर मुद्दाम आमच्याकडे बघून काहीतरी भलतंच बोलायची, पडद्यांचं, शेजारणीच्या पायाचं. मी मोडलेल्या वस्तूंचं निदान करते, पण बायकोच्या काळजीवर माझ्याकडे औषध नाही. मी तिचा हात धरून बसले.

ते परत आले तेव्हा इंजिनातून गरम धातूचा वास येत होता. दाजी उतरले, बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला म्हणून झटकला आणि मोठ्याने हसले. भाचाही उतरला. केस उडाले होते. वस्तादने त्याच्यापुढे केलेला चहाही त्याने घेतला नाही. फाटकाजवळ गेला आणि फोन लावला.

आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"हो, उद्याचंच. नाही, येऊ नका. गाडी विकायची नाही." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. त्याने मागे वळून पिवळीशेजारी उभ्या असलेल्या बापाकडे बघितलं.

"नाही नाही, पडून राहणार नाही," तो म्हणाला. "चालवणारा माणूस आहे घरात."